त्यांची गुंतवणूक, आमची फसवणूक



मागच्या महिन्यात विरार स्टेशनच्या जिन्याखाली एक रंगीत पत्रक वाटत होते. आमच्या एका कार्यकर्त्याने ते बैठकीत आणले. कागद गुळगुळीत. वर नारळाची झाडे, मागे समुद्र, मध्ये चार मजली इमारत. आत लिहिले आहे की विरार-आगाशी-अर्नाळा हा पट्टा म्हणजे उद्याची मुंबई. चर्चगेटहून थेट लोकल. समुद्र दोन मिनिटांवर. हवा शुद्ध, पाणी गोड. आज भाव ४५० रुपये फूट, तीन वर्षांत दीडपट होणार. आणि खाली जाड अक्षरात: राहायला येण्याची गरज नाही, बुकिंग करा आणि निश्चिंत राहा.

आम्ही ते पत्रक पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवले. सगळे ऐकत होते. एक म्हातारी आया म्हणाली, "ऱ्हायचंच नाय, तर घर कशाला घेतात?"

लोक हसले. पण त्या दिवशी आम्हाला तिला धड उत्तर देता आले नाही. आम्ही बारावीपर्यंत शिकलो, पण घर घ्यायचे आणि राहायचे नाही, यात पैसा कसा तयार होतो हे आम्हाला शाळेत कोणी शिकवले नव्हते. मग आम्ही चौकशी केली, बोर्ड वाचले, दलालांशी बोललो, तलाठ्याकडचे कागद बघितले. आयेचे उत्तर आता आम्हाला सापडले आहे. ते तिच्याच पाड्यावर होते.

भाव कोणी वाढवला?

जमीन तीच आहे. पाऊस तोच आहे. समुद्र तर आपल्या आजोबांच्या आधीपासून आहे. मग जमिनीचा भाव असा अचानक का वाढला?

हा सगळा हरित पट्टा होता. पश्चिमेला केळी, पानवेल, फुले, भाजी. पूर्वेला डोंगरापर्यंत भाताची खाचरे. इथे मोठमोठ्या इमारती बांधायला मोकळीक नव्हती. १९८८ साली सरकारने एका निर्णयाने वसई-विरारमधली हजारो हेक्टर जमीन बांधकामाला खुली केली. १९९० साली सिडकोला इथल्या नियोजनाचे काम दिले. मंत्रालयात शाई पडली आणि इकडे मातीचा भाव बदलला. मातीत काही बदलले नव्हते. ज्यांना शाई कधी पडणार याचा वास आधी लागतो, ते वेळेवर पिशवी घेऊन हजर होते. आपल्याला तो वास कसा लागणार? आपण तर त्या दिवशी लावणीला होतो.

नंतर रस्ते आले, विजेचे खांब आले, लोकलच्या गाड्या वाढल्या. हे सगळे सरकारी पैशाने, म्हणजे सर्वांच्या पैशाने. त्यामुळे भाव आणखी चढला. तो चढलेला भाव कोणाच्या खिशात गेला? ज्याने रस्त्याच्या कडेला आधी जागा अडवून ठेवली त्याच्या.

आणि "पाणी गोड" म्हणतात ते कुठून येते? नवीन इमारतींना नळाचे पाणी पुरत नाही. म्हणून वाड्यांतल्या विहिरींवर पंप बसवतात आणि टँकर भरून नेतात. दिवसभर टँकरची रांग असते. समुद्राजवळच्या जमिनीत गोड्या पाण्याचा उपसा जास्त झाला की खारे पाणी आत सरकते, हे आपल्या माणसांना कुठल्या इंजिनियरने सांगायला नको. बावखले होती, त्यात पावसाचे पाणी मुरत होते. ती मुरूम टाकून बुजवली आणि त्यावर पाया घातला. ज्या विहिरीवर आपल्या बायका हंडा भरायच्या तिथे आता मालक म्हणतो, टँकरची वेळ आहे, नंतर या. पत्रकातले गोड पाणी ते हेच.

काकांचे तीस गुंठे

आमच्या पाड्यावरचे एक काका आहेत. प्रकरण आता मामलेदार कचेरीत लावायचे आहे म्हणून नाव छापत नाही. पण पाड्यावर सगळ्यांना ठाऊक आहे.

काकांच्या वडिलांना कुळकायद्यात ३० गुंठे जमीन मिळाली. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी जो कसत होता तो मालक, असा कायदा झाला. कायदा झाला म्हणून जमीन लगेच मिळाली नाही. मालकाने दोनदा कुंपण घातले, दोनदा आपल्या लोकांनी काढले. सातबाऱ्यावर नाव चढायला पुढे किती वर्षे लागली ते काका सांगतात तेव्हा अजून त्यांचा आवाज चढतो. त्या ३० गुंठ्यांत चार महिन्यांचा भात व्हायचा. बाकीचे आठ महिने वाडीत मजुरी.

काकांच्या मुलीचे लग्न निघाले. पाच हजार कमी पडत होते. बँक आदिवासीला लग्नाला कर्ज देत नव्हती. एक गृहस्थ पाड्यावर मोटरसायकलने यायचा, सगळ्यांना नावाने हाक मारायचा, पोरांना बिस्किटे द्यायचा. त्याने पाच हजार दिले. व्याज नको म्हणाला. फक्त "आठवण म्हणून" एका कागदावर अंगठा घेतला.

आपल्या जुन्या माणसांना लग्नगडी हा शब्द माहीत आहे. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने जन्मभर त्याच्या घरी राबायचे. त्याविरुद्ध १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या बरोबर तलासरी-डहाणूचे वारली उठले, गोळ्या खाल्ल्या. १९७६ साली वेठबिगारी बंदीचा कायदा झाला. पुस्तकात ती पद्धत संपली. पण बघा, लग्नाचे कर्ज तेच आहे. तेव्हा सावकाराला आपले अंग पाहिजे होते. आता त्याला अंग नको, जमीन पाहिजे.

लग्नानंतर दोन महिन्यांनी तोच गृहस्थ काकांना जीपमध्ये बसवून वसईला घेऊन गेला. वकिलाच्या ऑफिसात तीन कागद तयार होते. एक साठेखत, एक कुलमुखत्यारपत्र, एक ताबापावती. ३० गुंठ्यांचे ९० हजार ठरले. त्यातून आधीचे पाच हजार कापले, "खर्चाचे" म्हणून आणखी कापले. काकांच्या हातात ३५ हजार आले. बाकीचे "कलेक्टरची परवानगी आल्यावर". आज दीड वर्ष झाले. परवानगी कोणी मागितलेलीच नाही. पण जमिनीला जांभ्याच्या दगडाचे कुंपण पडले आहे, आत वॉचमनची खोली आहे, खडी पडली आहे. काका विचारायला गेले तर वॉचमन म्हणाला, "आत यायचं नाय." आणि तो वॉचमन आपल्याच समाजाचा, शेजारच्या पाड्यावरचा.

कायदा काय म्हणतो

आपण अडाणी आहोत असे समजून हे सगळे चालते. म्हणून कायदा इथे सोप्या भाषेत लिहितो. कापून ठेवा.

महाराष्ट्र जमीन महसूल कायद्याचे कलम ३६अ. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, भाड्याने, बक्षीस, अदलाबदल, कुठल्याही नावाने देता येत नाही. गहाण किंवा भाडेपट्टा पाच वर्षांपर्यंतचा असेल तर कलेक्टरची परवानगी आधी लागते. विक्रीला कलेक्टरची परवानगी तर लागतेच, आणि ती देण्याआधी राज्य सरकारची मंजुरी लागते. त्या गावात किंवा पाच किलोमीटरच्या आत ती जमीन घ्यायला कोणी आदिवासी तयार नाही, याची खात्री कलेक्टरने आधी करायची आहे. परवानगीशिवाय झालेला व्यवहार कलेक्टरला रद्द करता येतो आणि जमीन परत देता येते.

दुसरा कायदा १९७४ चा, जमिनी परत देण्याचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या ज्या जमिनी बिगर आदिवासींकडे गेल्या, त्या परत देण्यासाठी तो आहे.

तिसरे, कुळकायद्याचे कलम ४३. २०१४ पर्यंत कुळ म्हणून मिळालेली जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नव्हती. आणि कलम ६३. जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेताच येत नाही. म्हणजे काकांच्या जमिनीला एक नाही, तीन कुलपे होती.

मग जमीन जाते कशी? कुलूप न तोडता कौले काढून आत शिरतात, तशी.

एक रस्ता काकांचा. विक्री करायचीच नाही, नुसते साठेखत आणि मुखत्यारपत्र. कागदावर मालक काका, जमिनीवर मालक शेठ. दुसरा रस्ता, खोटा आदिवासी उभा करायचा. कोणाकडून तरी जातीचा दाखला काढायचा आणि आदिवासीने आदिवासीकडून घेतली असे दाखवायचे. तिसरा रस्ता सगळ्यात वाईट. खरा आदिवासी उभा करायचा. आपल्यातल्याच एकाच्या नावावर जमीन करायची, त्याला दोन हजार आणि एक रेडिओ द्यायचा, आणि त्याच्याकडून दुसऱ्याच दिवशी मुखत्यारपत्र घ्यायचे. चौथा रस्ता घरठाणाचा. किनाऱ्याकडच्या वाड्यांत आपली कितीतरी घरे मालकाच्या जागेत आहेत. तीन पिढ्या त्या वाडीला पाणी घातले, तिथेच झोप बांधली, तिथेच पोरे झाली. वाडी विकली जाते तेव्हा कागदात नारळ मोजून लिहितात, विहीर लिहितात, पंप लिहितात. आपली घरे लिहीत नाहीत. मग नवीन मालक येतो आणि विचारतो, ही माणसे इथे कोणाच्या परवानगीने राहतात?

आयेच्या प्रश्नाचा हिशेब

आता हिशेब करू. सगळे आकडे बिल्डरच्या खात्यातले नाहीत, ते तो दाखवणार नाही. पत्रकातला भाव, बांधकामावर काम करणाऱ्या आपल्या मुकादमाने सांगितलेला खर्च आणि काकांचा कागद, यावरून मांडला आहे. कोणाला चूक वाटत असेल त्याने खरे खाते घेऊन यावे, आम्ही छापू.

३० गुंठे म्हणजे ३२ हजार ६७० चौरस फूट. काकांना ९० हजार सगळे मिळाले असे धरले तरी फुटाला पावणेतीन रुपये पडले. तेव्हाचा एक कप चहा आणि एक वडापाव.

समजा त्यावर २५ हजार फूट बांधले. ४५० रुपयांनी विकले. १ कोटी १२ लाख ५० हजार झाले. बांधायला फुटाला २५० रुपये खर्च धरू, ते झाले ६२ लाख ५० हजार. राहिले ५० लाख. त्यातून व्याज, जाहिरात, नकाशे, आणि ज्याला ते "टेबलाखालचे" म्हणतात ते, असे सगळे मिळून २० लाख सोडू. तरी ३० लाख राहिले. या ३० लाखांसमोर काकांचे ९० हजार ठेवा. शंभर रुपयांना तीन रुपये. आणि हातात प्रत्यक्ष आलेले ३५ हजार ठेवा. शंभराला सव्वा रुपयासुद्धा नाही.

आता गुंतवणूकवाला बघू. तो ४०० फुटांचा एक ब्लॉक घेतो, १ लाख ८० हजारांचा. कुलूप लावतो. तीन वर्षांत दीडपट झाला की २ लाख ७० हजारांना विकतो. त्याला सुटले ९० हजार.

आये, हे तुझे उत्तर. काकांच्या ३० गुंठ्यांची जी किंमत ठरली, तेवढेच पैसे एका बंद खोलीने तीन वर्षांत कमावले. खोलीत कोणी दिवा लावला नाही, चूल पेटवली नाही, पोर जन्मले नाही. नुसते कुलूप होते.

तेच ९० हजार मजुरीने कमवायचे असतील तर? वाडीत तेव्हाच्या मजुरीने दिवसाला २५ रुपये धरले तर ३ हजार ६०० दिवस. वर्षाला ३०० दिवस काम मिळाले तर बारा वर्षे, तेही काही न खाता-पिता. आणि ३०० दिवस काम कोणाला मिळते?

म्हणून आम्ही म्हणतो की हा भाव आपोआप "वाढत" नाही. तो कोणाकडून तरी काढून घेतलेला असतो. जमीन पावणेतीन रुपयांत मिळाली नसती, पाणी फुकट उपसता आले नसते, कायदा बाजूला सारता आला नसता, तर तीन वर्षांत दीडपटीचे पत्रक कोणी छापू शकले असते का?

आमच्यावरचे आक्षेप

पहिला आक्षेप: तुम्ही मुंबईच्या गरीब कामगाराच्या घराच्या विरोधात आहात. हे खोटे आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणीतून बाहेर फेकला गेलेला कामगार फंडाचे पैसे घालून नालासोपाऱ्यात वन रूम किचन घेतो, पहाटेच्या लोकलला लटकून जातो, टँकरच्या मागे बादली घेऊन धावतो. तोही फसला आहे. त्याला चारशे फूट सांगून तीनशे फूट देतात. तो तिथे राहतो, त्याच्याशी आमचे भांडण नाही. उलट त्याने आमच्या सभेला यावे. आमचे भांडण चार-चार ब्लॉक घेऊन कुलूप लावणाऱ्याशी आहे. त्याच्यामुळे कामगारालाही घर महाग पडते.

आणि घर घेणाऱ्याला आमचे एक सांगणे आहे. पत्रकात समुद्र दोन मिनिटांवर लिहिला आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या किनाऱ्यावर बांधकामाला निर्बंध आले. समुद्र खरोखर चालत दोन मिनिटांवर असेल तर इमारत त्या निर्बंधात येते. नसेल तर पत्रक खोटे आहे. दोन्हीपैकी एक काहीतरी आहे. पैसे भरण्याआधी सातबारा मागा, बिनशेतीचा आदेश मागा, इतर हक्काच्या रकान्यात कुळ किंवा आदिवासीचे नाव आहे का ते बघा. आमची जमीन चोरून तुम्हाला विकली असेल तर उद्या कोर्टात तुम्हीही आमच्याच बाजूच्या बाकड्यावर बसाल.

दुसरा आक्षेप: तुमच्या लोकांना काम मिळाले. मिळाले. खड्डे खणायचे, विटा वाहायच्या, रेती चाळायची. इमारत उभी राहिली की संपले. नंतर बायकांना भांडी आणि एखाद्या पोराला वॉचमनचा दंडुका. शेतकऱ्याच्या पोराला त्याच्याच शेताचा वॉचमन केला तर त्याला विकास म्हणायचे का?

तिसरा आक्षेप जरा मोठा आहे आणि तो आपल्यातलेही काही लोक बोलतात. ते म्हणतात, वाडवळाला विकता येते, भंडाऱ्याला विकता येते, ख्रिस्ती शेतकऱ्याला विकता येते, ते बंगले बांधतात. आदिवासीलाच का बांधून ठेवले? कलम ३६अ मुळे आम्हाला भाव मिळत नाही.

याचे उत्तर टाळून चालणार नाही. खरे आहे, कायद्यामुळे उघड बाजारात आपल्या जमिनीला गिऱ्हाईक नाही. पण विचार करा. आज कायदा असताना पावणेतीन रुपये फूट देऊन जमीन नेतात. कायदा नसता तर बिस्किटावर नेली असती. ज्याला वाचता येते, ज्याचा भाऊ वकील आहे, ज्याच्या घरात वर्षाचे धान्य आहे, तो थांबू शकतो, घासाघीस करू शकतो. ज्याच्या घरी पोर आजारी आहे तो थांबू शकत नाही. भाव जमिनीला मिळत नाही, थांबण्याच्या ताकदीला मिळतो. ज्या दिवशी आपल्या घरात वर्षाचा भात असेल, दवाखाना जवळ असेल, लग्नाला बिनव्याजी कर्ज मिळेल, त्या दिवशी विकण्याच्या स्वातंत्र्याची चर्चा करू. आज जे शेठ आपल्या स्वातंत्र्यासाठी एवढे रडतात, ते आपण वेठीला राबत होतो तेव्हा कुठे होते?

हिरवी वसई कोणाची?

बिल्डरशाहीच्या विरुद्ध इथल्या बागायतदारांनी हरित वसईची चळवळ केली. मोर्चे काढले, पाण्यासाठी आणि झाडांसाठी भांडले. त्या मोर्चांत आम्हीही चाललो आहोत. ती चळवळ आम्हाला आपली वाटते. म्हणून एक गोष्ट मोकळेपणी बोलतो.

ही हिरवळ कोणाच्या हाताने उगवली? पहाटे रहाटामागे बैल कोणी हाकले? केळीचे घड खांद्यावरून स्टेशनापर्यंत कोणी वाहिले? हिरवळ वाचवा म्हणताना ती उगवणाऱ्याचे घरठाण वाचवा, हे मागणीपत्रात खाली का असते, किंवा नसतेच का? आणि दिवसा मोर्चात चालून रात्री बिल्डरकडून इसार घेणारे काही मालकही आम्ही पाहिले आहेत. वाडी वाचली आणि पाडा उठला, तर ती हिरवळ आमच्या काय कामाची? आम्हाला बरोबर घ्या, पण मजूर म्हणून नको. जमिनीचे वारस म्हणून घ्या.

आपल्या पोरांविषयी

आता सगळ्यात कठीण गोष्ट. ती लिहायची की नाही यावर बैठकीत दोन तास वाद झाला. शेवटी ठरले की लिहायची.

काकांना वसईला नेले त्या दिवशी जीपमध्ये आमच्यातला एक जण होता. बारावी झालेला. आमच्याबरोबर शिबिरात बसलेला, घोषणा देणारा. वकिलाने तिन्ही कागद त्याच्या हातात दिले आणि काकांना वाचून दाखवायला सांगितले. त्याने वाचले. ताबा आजच दिला, असे ज्या परिच्छेदात लिहिले होते तो त्याने गाळला. त्याबद्दल त्याला ८०० रुपये मिळाले. काकांनी अंगठा दिला, कारण आपल्या पोराने वाचून दाखवले होते.

हे आम्हाला त्यानेच सांगितले. चार महिने गप्प होता. मग एका रात्री बैठकीत उठला आणि सगळे बोलला. काही जण म्हणाले, त्याला संघटनेतून काढा. काकाच म्हणाले, "काढू नका. त्याला वाचता येतं. आता त्याला खरं वाचू दे." तो आता साक्ष द्यायला तयार आहे. काकांच्या प्रकरणात तोच आपला मुख्य साक्षीदार आहे.

हे आम्ही दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायला लिहीत नाही. आम्ही सगळे शिकलेले तिथेच उभे आहोत. नोकरी नाही. सेवायोजन कचेरीत नाव घालून वर्षे गेली. घरी म्हणतात, शिकून काय केलेस? आणि दलाल म्हणतो, गुंठ्याला इतके देतो, नुसता अंगठा मिळवून दे. आमच्यापैकी प्रत्येकाला कोणी ना कोणी हे विचारले आहे. आपल्या आजोबांना फसवायला सावकाराला स्वतः यावे लागत होते. आता ते आपल्या शिक्षणाला भाड्याने घेतात. पाड्याने पोटाला चिमटा काढून आपल्याला शिकवले ते कागद वाचून दाखवण्यासाठी, त्यातला परिच्छेद गाळण्यासाठी नाही.

काय करायचे

१) कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. वाचायला दोन जण पाहिजेत, आणि त्यातला एक संघटनेचा, बाहेरच्या पाड्यावरचा पाहिजे. कागद पाड्यावर वाचायचा, वकिलाच्या ऑफिसात नाही.

२) प्रत्येक खातेदाराने या महिन्यात तलाठ्याकडून सातबारा आणि ८अ चा उतारा काढून घ्यायचा. पीकपाण्याच्या रकान्यात कोणाचे नाव लिहिले आहे ते बघायचे. आपण कसतो आणि नाव दुसऱ्याचे, असे असेल तर लगेच शाखेला कळवा.

३) फेरफाराची नोटीस चावडीवर लागते. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. दर सोमवारी शिकलेल्या पोरांपैकी एकाने चावडीवर जाऊन नोटीस वाचायची आणि पाड्यावर येऊन सांगायचे. पाळ्या लावल्या आहेत. हरकत लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. तोंडी हरकतीला काही किंमत नाही.

४) ज्यांनी साठेखत किंवा मुखत्यारपत्र दिले आहे त्यांनी लाजू नये. काकांसारखे पुढे या. मुखत्यारपत्र रद्द करण्याची नोटीस आणि कलम ३६अ खालचा अर्ज संघटना लिहून देईल. त्याला पैसे लागत नाहीत.

५) वाडीतल्या घरठाणांची यादी आपण करायची. कोणाचे घर, किती वर्षे, मतदार यादीत नाव कधीपासून, रेशन कार्ड कुठल्या सालचे. वाडी विकली जायच्या आधी ही यादी मामलेदाराकडे गेली पाहिजे.

६) लग्नासाठी पाड्याची भिशी सुरू करा. महिन्याला घरटी दहा रुपये. पाच हजारांसाठी तीस गुंठे जाणार असतील तर दहा रुपये जड नाहीत.

सरकारकडे आपली मागणी सरळ आहे. १९८८ नंतर या पट्ट्यात आदिवासींच्या नावावर असलेल्या प्रत्येक सातबाऱ्याची तपासणी करा. ज्या जमिनीवर कुळाचा किंवा आदिवासीचा हक्क आहे तिला बिनशेती परवानगी देण्याआधी त्या पाड्यावर येऊन जाहीर चौकशी करा. टँकरसाठी विहिरी उपसणे थांबवा. पाड्यांची घरठाणे राहणाऱ्यांच्या नावावर करा.

पुढच्या सोमवारी काकांचा अर्ज घेऊन आपण वसईला मामलेदार कचेरीवर जाणार आहोत. सकाळी आठला पाड्यावरून निघायचे. भाकरी बरोबर घ्या. बायकांनी जास्त संख्येने यावे, कारण अंगठा पुरुषाचा घेतात, पण चूल बाईची विझते. ज्या आयेने प्रश्न विचारला ती पुढे चालणार आहे, आणि तिने ते रंगीत पत्रक जपून ठेवले आहे. साहेबांना ती तोच प्रश्न विचारणार आहे.

कसेल त्याची जमीन! राहील त्याचे घर!

आदिवासी एकजुटीचा विजय असो!